चाळीस लाद्या, उधार

इन्सब्रुकला उतरल्यावर आधी मी बर्फाचा वास घेतला.
मूठभर उचलून नाकाशी धरला,
तर मासळी नाही, अमोनिया नाही,
गंजलेल्या डब्याचाही नाही.
सुगंधा म्हणाली, ‘आते, लोक बघतत.’

चोवीस वर्षं मी देवगडच्या बंदरावर
बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
बर्फ म्हणजे लादी.
लादी म्हणजे वजन, दर, बोटीचं नाव.
इथे तो फुकटचा, गावभर सांडलेला,
सायकलींच्या सीटवर, पुतळ्यांच्या खांद्यांवर,
आणि कोणाच्याच नावावर नाही.
हात शिवशिवत होते वही काढायला.

डोंगर असे, की कुठल्याही गल्लीतून मान वर केली
तर समोर उभेच.
आमच्याकडे कुठल्याही पाणंदीने उतरा,
शेवटी समुद्र, तसे.

माणसं पाळण्यात बसून वर जातात,
पायांना फळ्या बांधून घसरत खाली येतात.
पुन्हा वर. पुन्हा खाली. पैसे भरून.
मोडलेले पाय सुगंधाच्या वॉर्डात येतात.
ती उशी देते, त्यांच्याच भाषेत दटावते,
आणि हाड जुळलं की ते पुन्हा वर.
हे मात्र मला लगेच कळलं.
आमचेही जातात पुन्हा.

उडी मारायचा एक मनोरा आहे तिथे,
त्याच्या टोकावरून शहर दिसतं
आणि शहराच्या अलीकडे थडगी.
मी विचारलं, बांधणाऱ्याला दुसरी जागा नव्हती?
ती म्हणाली, सगळे हेच विचारतात.

सोन्याचं छप्परही पाहिलं.
तांब्यावर मुलामा, दोन हजारांच्या वर कौलं.
कौलं म्हटल्यावर मी नीट निरखली, एकही फुटकं नाही.
वानरांचा त्रास नसावा.

रविवारी ती मला एका चर्चमध्ये घेऊन गेली.
मधोमध बादशहाचं थडगं,
दोन्ही अंगांना अठ्ठावीस काळी माणसं, ब्राँझची,
राण्या, सरदार, चिलखतातले कोणकोण,
आपल्यापेक्षा हातभर उंच.
‘आत कोण नाय, आते.
तेका दुसरीकडेच पुरलो.
हे नुसती राखण करतत.’
आणि ती बाकावर बसली,
पर्स ठेवायला जागा न बघता,
जशी रोजची जागा असावी.

न्हानूच्या वेळी भटजींनी पळसाची पानं मागितली होती,
तीनशे साठ.
सुगंधा नऊ वर्षांची. एकेक मोजून देत होती,
दोनशेच्या पुढे चुकली,
म्हणाली, परत पहिल्यापासून.
कोणी तिला नको म्हटलं नाही.
त्या पानांचा तिचा बाप झाला,
आणि जळायला वेळ लागला नाही.

चर्चमध्ये मी काही बोलले नाही.
एका काळ्या माणसाच्या पायाला हात लावला.
थंड. आपल्या लादीइतका नाही.

परतले तेव्हा लिलाव चालू होता,
बांगडा उतरला होता, क्रशर खडखडत होता.
गुलाब तारीने टोपली टेकवली,
‘काय गो, काय बघलंस थंय?’
‘बर्फ.’
‘मगे हंय काय कमी होतो?’
सगळ्या हसल्या. मीही.

संध्याकाळी कपाटातून वही काढली.
ओळ मला पाठ आहे.
बोट जयगंगा. चाळीस लाद्या. उधार.
खाली माझ्या भावाची सही, घाईची,
शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं.
मालक दोनदा म्हणाले, ती बाकी बुडीत टाक.
मी दर मार्चअखेर ती नव्या वहीत ओढते.
यंदा दराच्या रकान्यात पेन थांबलं,
तेव्हाचा की आताचा?

तेव्हाचा लिहिला.

खिडकीतून कोणी तांडेल ओरडला,
वीस लाद्या, लवकर, ओहोटी लागली.
मी बोटीचं नाव विचारलं.